थोरली उठत नाही

१

सोमवारी सकाळी सव्वाआठला थोरली उठत नाही असं लक्षात आलं, आणि साडेआठच्या आत जावईबापूंनी गुन्हेगार शोधूनही काढला. इतक्या घाईने लागलेला शोध बहुधा चुकतो, पण हे त्यांना त्या वेळी कोण सांगणार?

थोरली म्हणजे कोणी बाई नव्हे, ते एक व्हर्च्युअल मशीन होतं. ही कार्यशाळा कृत्रिम पाय बनवायची. तळमजल्यावर माणसांची मापं घेतली जात, वरच्या मजल्यावर साचे कोरले जात, आणि जिन्याखालच्या थंडगार खोलीत एक लोखंडी सर्व्हर होता. त्या एका सर्व्हरच्या पोटात चार मशिनं राहत होती, एका घरात चार बहिणी राहाव्यात तशी. त्यांना हात लावता येईल असं अंग नव्हतं, पण प्रत्येकीची मेमरी वेगळी, डिस्क वेगळी आणि कामही वेगळं. त्यांची नावं सासूबाईंनी ठेवली होती: थोरली, मधली, धाकटी आणि शेंडेफळ. थोरलीच्या डिस्कवर अकरा वर्षांत आलेल्या प्रत्येक माणसाचं माप होतं. ती उठली नाही तर वरचं कोरायचं मशीन नुसतं घुमत बसणार.

या सासूबाई म्हणजे जावईबापूंच्या सख्ख्या सासूबाई. तीस वर्षं त्यांनी ही खोली सांभाळली. दीड वर्षापूर्वी त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीत त्यांचे जावई बसले. अर्ज रीतसर होता, मुलाखत रीतसर होती, निवड करणाऱ्यांत सासूबाई नव्हत्या. पण पहिल्याच दिवशी कोणीतरी “या, जावईबापू!” म्हणालं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. त्यांना ते टोचायचं. सगळ्या कार्यशाळेत फक्त हॉलमध्ये येणाऱ्यांची नावं लिहून घेणाऱ्या नोंदणीबाई त्यांना “साहेब” म्हणत.

रविवारी वायरमनने विजेचा बोर्ड बदलला होता. त्यासाठी शनिवारी संध्याकाळी जावईबापूंनी सगळी मशिनं नीट बंद केली आणि मग सर्व्हरही बंद केला. सोमवारी ते आले तेव्हा थोरली सोडून बाकीची चारही मशिनं आपोआप उठली होती. थोरली मात्र काही केल्या उठेना. बटण दाबलं की पडद्यावर लाल चौकट यायची: ‘मशीन सुरू करता आलं नाही.’ खाली बारीक अक्षरात आणखी चार ओळी असायच्या. त्या वाचायची जावईबापूंना सवय नव्हती. त्यांनी चौकट बंद केली, बटण दाबलं, पुन्हा बंद केली.

तेवढ्यात वायरमन सहज बोलून गेला की साडेसातला नोंदणीबाईंनीच सर्व्हर चालू केला. झालं! जावईबापू तडक बाहेरच्या हॉलमध्ये गेले. बाकांवर दहा-बारा माणसं बसली होती, कुणाच्या हातात कुबड्या, कुणाच्या मांडीवर जुना पाय. त्या सगळ्यांच्या देखत ते कार्यशाळेच्या प्रमुखांना, डॉक्टरांना, खणखणीत आवाजात म्हणाले, “यांनी न विचारता सर्व्हर चालू केला. डिस्क गेली. अकरा वर्षांची मापं गेली!”

“मी एकदाच बटण दाबलं हो, साहेब,” नोंदणीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंतही गेला नसेल.

डॉक्टरांनी हात पुढे केला. नोंदणीबाईंनी खोलीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

“दोन वाजता विश्वस्तांची बैठक आहे,” डॉक्टर म्हणाले. “काय झालं आणि कुणामुळे झालं, मला लेखी द्या. तुम्ही म्हणता तसं असेल तर यांना कामावर ठेवता येणार नाही.”

“देतो,” जावईबापू म्हणाले. डॉक्टर तिथेच उभे राहून कुणाला तरी फोन लावू लागले. “कुणाला लावताय, डॉक्टर?”

“तुमच्या सासूबाईंना.”

२

सासूबाई साडेनऊला आल्या. बुटकी, जाड चष्म्याची बाई, खांद्याला कापडी पिशवी, त्यात एक वही आणि पेन्सिल. जुन्या खुर्चीकडे त्यांनी बघितलंही नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्या बसल्या.

राहायला त्या जावयाच्या समोरच्याच घरात होत्या आणि रात्रीचं जेवण एकत्र होई. पण जावईबापूंच्या बायकोचा नियम होता की जेवणाच्या टेबलावर मशिनांचं नाव काढायचं नाही. हा नियम तिने आईसाठी केला होता. त्याच्या आडोशाला नवराच जास्त बसायचा.

“काय म्हणतेय ती?” सासूबाईंनी विचारलं.

“उठत नाही.”

“ते डॉक्टरांनी सांगितलं. ती काय म्हणतेय?”

“सुरू करता आलं नाही, असं येतंय.”

“आणि त्याखाली?”

“खाली नेहमीचं लांबण.”

सासूबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. “बाकीच्यांचं काय?”

“बाकीच्या चारही ठणठणीत आहेत.”

पेन्सिल क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. जावईबापूंनी हळूच पडद्यावरची यादी लहान करून टाकली. यादीत एक नाव होतं, ते सासूबाईंच्या नजरेला पडू नये असं त्यांना वाटत होतं. आजच्या भानगडीशी त्याचा काही संबंध नव्हता, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. ती नुसती लाजेची बाब होती.

“बॅकअप आहे?”

“रोजचा आहे.”

“परत आणून बघितलाय कधी?”

“बघितलाय की.” ही शुद्ध थाप होती.

“मग आणायचा का?”

“आधी कारण कळू दे,” जावईबापू गंभीरपणे म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

सासूबाईंनी चष्मा पुसला. “बरोबर आहे. मशीन कुठे पळून जात नाही. माणसं मात्र दुपारपर्यंत आपापल्या गोष्टी घोटून गुळगुळीत करतील. मला आधी तीन माणसांशी बोलायचंय. वायरमन, वरच्या मजल्यावरचा मिस्त्री आणि नोंदणीबाई.”

“तिघं कशाला? जिने केलंय ती बाहेर बसलीय.”

“तीन म्हणाले खरी मी,” सासूबाई उठता उठता म्हणाल्या, “पण कदाचित चारही निघतील.”

३

वायरमन जिन्यावर बसून जुना बोर्ड उघडत होता. सासूबाईंना बघून तो उभा राहिला आणि त्यांनी काही विचारायच्या आत म्हणाला, “मोठ्या बाई, मी बोर्डाला हात लावला. मशिनला लावला असेल तर हात झडो माझा.”

“हात राहू दे तुझा, अजून चार बोर्ड करायचेत. सर्व्हरची वायर तू काढलीस का?”

“काढली. आधी डावीकडच्या सॉकेटात होती, आता उजवीकडे लावली. डावं सॉकेट जळालं होतं.”

“बघा!” जावईबापू पुढे सरसावले. “हे मला कुणीच सांगितलं नाही!”

सासूबाईंनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, “सर्व्हर एक, वायर एक. वीज बिघडली असती तर सगळ्याच झोपल्या असत्या ना? एका घरात एकटीवरच वीज रुसते का?”

वायरमनने उगाच पकड पुसली.

मिस्त्री वर होता. फोमच्या पांढऱ्या ठोकळ्यातून पायाचा साचा कोरणारं मशीन तो चालवायचा, म्हणजे आज चालवत नव्हता. केसांपासून चपलांपर्यंत पांढरी भुकटी, त्यामुळे लाजला तरी कळायची सोय नव्हती. पण तो लाजला हे त्याच्या पायांवरून कळलं. तो एका पायावरून दुसऱ्यावर होऊ लागला.

“शनिवारी दुपारी तू सर्व्हरच्या खोलीत होतास,” सासूबाई म्हणाल्या.

“कोण म्हणालं?”

“खोक्यावर पांढऱ्या हाताचा ठसा आहे. इथे इतकं पांढरं कोण असतं?”

मिस्त्रीने मान खाली घातली. “जावईबापू जेवायला गेले की मी तासभर तिथे टेकतो. एसी आहे ना. खोक्यावर डोकं ठेवलं की झकास डोळा लागतो.”

“सर्व्हरवर डोकं ठेवून झोपतोस?” जावईबापू ओरडले.

“उशी आणली तर दिसेल ना कुणाला!”

सासूबाईंना हसू आवरेना. “अरे, त्या आवाजाने बहिरा होशील. थोरलीला काही होणार नाही, तुलाच होईल. पडद्याला हात लावलास?”

“नाही बुवा. पासवर्ड कुणाला येतो? तो जावईबापूंच्या डोक्यात.” मिस्त्रीला आता सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटलेला माणूस नको तितकं बोलतो. “काम करतात हो ते, नाही असं नाही. उन्हाळ्यात चार-पाच रविवार एकटेच येऊन बसायचे, दार आतून लावून. मी साचे वाळवायला यायचो, तेव्हा बघितलंय.”

सासूबाई सावकाश जावयाकडे वळल्या.

“रविवारी? काय करत होता?”

“अपडेट,” जावईबापू म्हणाले.

४

नोंदणीबाई हॉलमध्ये बाकावर बसल्या होत्या, माप द्यायला आलेल्या माणसांच्या रांगेतच. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. समोर त्यांचं टेबल रिकामं होतं. मध्येच कोणी नवीन माणूस आला की त्या अर्धवट उठायच्या, आणि आठवलं की पुन्हा बसायच्या.

सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या. “अगं, मला पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस.”

“गाळण्यासारखं आहेच काय, बाई? साडेसातला वायरमन म्हणाला, वीज आली. आठपासून माणसं येणार होती. मी खोली उघडली, दाराशी लटकवलेली वही घेतली, पहिल्या पानावरचा कागद वाचला. त्यात आहे तसं बटण एकदा दाबलं. हिरवा दिवा लागला. मी दार लावून घेतलं आणि वहीत वेळ लिहिली, सात बत्तीस.”

“कसला कागद?” जावईबापूंनी विचारलं.

नोंदणीबाईंनी आश्चर्याने वर बघितलं. “तुम्ही बघितला नाहीत, साहेब?”

जावईबापू तडक खोलीच्या दाराशी गेले. वही खिळ्याला होती तशीच होती. दीड वर्ष तिला येता-जाता जावईबापूंचा खांदा लागत असे. ती उघडून बघावी असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पहिल्या पानावर सासूबाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘वीज बंद ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी नोंदणीबाईंनी येऊन सर्व्हरचं बटण एकदाच दाबावं. आतली मशिनं ठरल्या क्रमाने आपोआप उठतील. थोरली सगळ्यात शेवटी उठेल. तिची वाट बघावी.’ खाली डॉक्टरांची सही होती.

म्हणजे ही बाई न विचारता काही करून बसली नव्हती. जे करायला सांगितलं होतं तेच, तितकंच आणि वेळ लिहून तिने केलं होतं. जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच क्षणी चार पावलं चालत जाऊन हॉलमध्ये दोन वाक्यं बोलायला हवी होती. पण लेखी अजून दिलं नव्हतं, नुसतं बोललेलंच होतं, आणि बोललेलं काय, हळूहळू विरून जातं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. वही खिळ्याला अडकवली आणि ते परत आले.

“तुझ्याकडे पासवर्ड आहे?” सासूबाई विचारत होत्या.

“मला कोण देणार? तुमच्या वेळीही नव्हता.” मग नोंदणीबाईंनी मान वर केली आणि जावईबापूंना विचारलं, “साहेब, एक सांगा. ती मापं खरंच गेली का हो? माझं जे व्हायचं ते होईल. पण यातली निम्मी माणसं पुन्हा येऊ शकणार नाहीत.”

जावईबापूंना उत्तर माहीत नव्हतं. मापं गेली असं सकाळी त्यांनी ठासून सांगितलं होतं खरं, पण ती कशावरून गेली, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

“चला,” सासूबाई उठल्या. “आता थोरलीचीच साक्ष काढू.”

५

खोलीत दोघंच होती. बारा वाजून गेले होते.

“दाबा बटण,” सासूबाई म्हणाल्या.

जावईबापूंनी दाबलं. लाल चौकट आली. सवयीने त्यांचा हात ती बंद करायला गेला.

“थांबा. खालचं वाचा.”

“खाली फाइलचा पत्ता वगैरे...”

“वाचा.”

त्यांनी वाचलं. एकदा मनात, मग मोठ्याने. “डिस्कची फाइल लॉक करता आली नाही. ही फाइल दुसऱ्या मशिनच्या वापरात आहे.”

“आता मला सांगा, यात डिस्क गेली असं कुठे लिहिलंय?”

कुठेच नव्हतं. सकाळपासून सात-आठ वेळा ही ओळ त्यांच्या समोर आली होती आणि सात-आठ वेळा त्यांनी ती न वाचता मिटली होती.

“हरवलेली वस्तू वेगळी, मोडलेली वेगळी, आणि कुणीतरी हातात धरून बसलेली वेगळी,” सासूबाई म्हणाल्या. “थोरलीची डिस्क जागेवर आहे, धड आहे. फक्त ती दुसऱ्या कुणीतरी आधी उचलली आहे. एक डिस्क एका वेळी एकीनेच वापरायची, म्हणून थोरलीला ती मिळत नाही आणि डिस्कशिवाय ती उठत नाही. आता हे कुणाकडून होईल ते बघा. वायरमनने वायर इकडची तिकडे केली. वायर बदलून डिस्क दुसरीच्या हाती जात नाही. मिस्त्री खोक्यावर झोपला. झोपून जात नाही. नोंदणीबाईने बाहेरचं बटण एकदा दाबलं. त्यानेही जात नाही. त्यासाठी आत शिरावं लागतं, यादीतून डिस्क निवडावी लागते. त्याला पासवर्ड लागतो. मी निवृत्त झाले त्या संध्याकाळी तो बदलला गेला आणि ते योग्यच झालं.”

एसीचा आवाज येत होता. जावईबापू टेबलाच्या कडेकडे बघत होते.

“राहिला प्रश्न, डिस्क धरून कोण बसलंय. मी इथून गेले तेव्हा थोरली धरून चौघी होत्या. थोरली झोपलेली. मग जाग्या किती असायला हव्यात?”

“तीन.”

“सकाळी तुम्ही मला किती म्हणालात?”

जावईबापूंनी माऊसवरचा हात काढून घेतला.

“ती मोठी करा बघू यादी, मघाशी लहान केलीत ती,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “आणि मला सांगा, जावईबापू, चौथी कोण?”

दीड वर्षात या नावाने त्यांनी जावयाला एकदाही हाक मारली नव्हती.

६

चौथीचं नाव होतं ‘तालीम’.

बॅकअपमधून फाइल परत कशी आणायची, हे जावईबापूंना येत नव्हतं. मुलाखतीत त्यांनी येतं म्हणून सांगितलं होतं. पुढे कधीतरी शिकून घेऊ म्हणता म्हणता वर्ष गेलं. समोरच्या घरात हे काम डोळे मिटून करणारी बाई होती, रोज रात्री शेजारी जेवायला बसत होती. पण तिला विचारणं म्हणजे मी अजून तुमचा जावईच आहे, इथला माणूस नाही, अशी कबुली देण्यासारखं होतं. म्हणून उन्हाळ्यात रविवारी दार लावून त्यांनी सरावासाठी एक मशीन बनवलं. सर्व्हर सुरू झाला की तेही आपोआप उठावं अशी खूण केली. मग बॅकअपची डिस्क त्याला जोडायला गेले. यादीत दोन डिस्क एकाखाली एक होत्या, नावंही जवळपास सारखी. त्यांनी वरची जोडली. ती बॅकअपची नव्हती, थोरलीची होती.

“मग तालीम सुरूच होईना,” ते म्हणाले. “लाल चौकट आली.”

“हीच ओळ असणार. डिस्क तेव्हा थोरलीच्या ताब्यात होती.”

“मी वाचली नाही. बंद केली आणि घरी गेलो. नंतर पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.”

“आणि त्यानंतर सर्व्हर एकदाही पूर्ण बंद झाला नव्हता, थेट या शनिवारपर्यंत.” सासूबाईंनी वही मिटली. “आज सकाळी सगळ्या क्रमाने उठल्या. तालीम थोरलीच्या आधी उठली आणि डिस्क घेऊन बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!”

जावईबापूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पन्नाशीला टेकलेला माणूस असा बसला की बघवत नाही. सासूबाईंनीही बघितलं नाही. त्या म्हणाल्या, “माझंही चुकलं. तुम्हाला येत नाही हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. आपणहून शिकवायला हवं होतं. पण डॉक्टरांचा फोन यावा, मोठ्या बाईंशिवाय चालत नाही असं कुणीतरी म्हणावं, असं मला वाटायचं. आज आला फोन. यायला निघाले तेव्हा आनंदच झाला होता मला. त्याचीच आता लाज वाटतेय.”

मग त्या सरळ बसल्या. “तालीम बंद करा.”

त्यांनी बंद केली.

“आता तिच्यापासून थोरलीची डिस्क सोडवा. जपून.”

पडद्यावर दोन पर्याय आले. पहिला, डिस्क या मशिनपासून वेगळी करा. दुसरा, डिस्क वेगळी करा आणि फाइल कायमची पुसून टाका. दोन्ही एकाखाली एक, सारख्याच अक्षरात. पुन्हा एकदा दोन सारख्या ओळी, आणि या वेळी चुकलं तर सकाळचं खोटं खरं होणार होतं.

“तुम्ही करा, आई,” ते म्हणाले.

“नाही. वाचा आणि तुम्हीच करा.”

त्यांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली. दुसरी वाचली. पहिली पुन्हा वाचली, आणि बोट टेकवलं.

७

थोरली एक वाजून दहा मिनिटांनी उठली. अकरा वर्षांची मापं जशीच्या तशी होती. तालमीने डिस्क नुसती धरून ठेवली होती, उघडून तिच्यात काही लिहिलं नव्हतं. वरच्या मजल्यावर कोरायचं मशीन घरघरायला लागलं आणि मिस्त्रीने आनंदाने कुणाला तरी हाक मारली.

डॉक्टर धावतच खाली आले. “झालं सुरू? शाबास! म्हणजे नोंदणीबाईंनी जे बिघडवलं ते निस्तरता आलं तर.”

इथे जावईबापूंनी तोंड उघडायला हवं होतं. सासूबाई दारात होत्या, पिशवी खांद्याला लावत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पासवर्ड एकाचाच, तालीम आता बंद, कुणाला काही कळण्याचं कारण उरलं नव्हतं.

“हो,” जावईबापू म्हणाले. “निस्तरलं.”

सासूबाईंनी पायऱ्यांकडे बघितलं आणि त्या निघून गेल्या.

तो एक शब्द बोलून झाल्यावर जावईबापूंना स्वतःची इतकी किळस आली की ते खोलीत थांबू शकले नाहीत. बाहेर आले तर हॉलच्या तोंडाशी नोंदणीबाई उभ्या. मशीन सुरू झाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता, डोळे भरले होते.

“साहेब, उपकार झाले तुमचे,” त्या हात जोडून म्हणाल्या. “मापं वाचली. माझ्या नोकरीचं बघू. फक्त एवढं सांगा, माझ्या हातून नेमकं काय चुकलं? मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. कुठेही गेले तरी तसं परत व्हायला नको.”

मार खाल्ला असता तर बरं, असं काही प्रसंगी वाटतं ते खोटं नाही. जावईबापूंनी त्यांचे जोडलेले हात बघितले. मघाशी जे बोलून विरून जाईल असं वाटत होतं ते या बाईच्या अंगावर कायमचं राहणार होतं. ती जन्मभर न केलेली चूक शोधत बसणार होती.

ते तिच्या शेजारून हॉलमध्ये गेले. बाकं भरलेली होती. डॉक्टर टेबलाशी विश्वस्तांचे कागद चाळत होते.

“डॉक्टर,” जावईबापू म्हणाले. आवाज चिरकला. बाकांवरची माणसं बघू लागली. “सकाळी मी इथे जे बोललो ते खोटं होतं. आणि आत्ता आत जे बोललो तेही. नोंदणीबाईंनी काही बिघडवलं नाही. वहीत तुमच्या सहीचा कागद आहे, त्यांनी तोच पाळला. थोरलीची डिस्क मी उन्हाळ्यात दुसऱ्या मशिनला जोडून ठेवली होती. चुकून. मला ते काम येत नाही म्हणून चोरून शिकत होतो. मला येत नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज मी पडद्यावरची ओळ न वाचता यांचं नाव घेतलं.”

मग पहिल्या बाकावरचे एक आजोबा शेजारच्याला विचारते झाले, “म्हणजे माप आहे ना आपलं?” शेजारचा म्हणाला, “आहे, आहे.” आजोबांचं समाधान झालं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, जावईबापूंकडे बघितलं. “दोनला अजून अर्धा तास आहे. लेखी मला हवंच आहे,” ते म्हणाले. “नाव तेवढं बदलून द्या.”

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि नोंदणीबाईंना दिली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. किल्ली पर्समध्ये टाकून, डोळे पुसून त्या आपल्या टेबलामागे जाऊन बसल्या, कागद सारखे केले आणि पहिल्या आजोबांना खुणेने बोलावलं. आजोबा कुबड्या सावरत उठले.

जावईबापू मध्येच उभे होते. निदान एक वाईट शब्द तरी मिळेल म्हणून वाट बघत होते.

“थोडं बाजूला होता का?” नोंदणीबाई कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या. “त्यांना फार वेळ उभं राहवत नाही.”

जावईबापू भिंतीला सरकले.